तिसऱ्यांदा विचारा

सालातिगा, ६ ऑगस्ट १९९४

आबांग,

कसे आहात? सासूबाईंचे, आपल्या इनांगचे, गुडघे कसे आहेत? तिकडे सुमात्रात, बालिगेला तळ्यावरून वारा सुटला असेल, स्वेटर नेला होतात का? इथे सगळं ठीक आहे. पहाटे गारठा पडतो आणि मर्बाबू डोंगर पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसतो. मागच्या अंगणातला पेरू भिंतीकडे फार झुकला आहे. तोडून टाकू का?

शेजारच्या बू सुकिनाह फाटकातून रोज विचारतात, "वकीलसाहेब कुठे गेलेत?" मी म्हणते, "तिकडेच." त्या म्हणतात, "हो का." झालं, दोघी आपापल्या कामाला. आमच्या जावाच्या माणसांना एवढं पुरतं. मी वर्गात हेच तर शिकवते, 'कुठे निघालात' हा प्रश्न नव्हे, तो नमस्कार आहे, त्याला पत्ता सांगायचा नसतो. तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना बसचा मार्ग, कोर्टाची वेळ आणि अशिलाचं नाव सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या अजून त्या अशिलाची खुशाली विचारतात.

तुमच्या वडिलांच्या घराची वाटणी कुठवर आली? दोन आठवड्यांचं काम म्हणाला होतात, आता दोन महिने होत आले. अर्थात घाई काहीच नाही. भावाभावांत असल्या गोष्टींना वेळ लागतोच.

माझं कॉलेज नेहमीसारखं चाललं आहे. गळ्यापाशी छोटीशी गाठ आली आहे, डास चावल्यासारखी. काही नाही.

वुर

सालातिगा, २३ ऑगस्ट

आबांग,

मागचं पत्र मिळालं नसेल बहुतेक. तुमच्याकडचं पोस्ट संथ आहे.

परवा मी फोन केला होता, इनांगनी सांगितलं का? तुमच्या घराशेजारच्या दुकानात लावला. दुकानदाराने हाक मारली आणि त्या आल्या. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते. ध्वनिफिती ऐकून लोकांची बोलणी उतरवून घेण्यातच माझी उमर गेली, त्यामुळे ते मला जमतं.

"कोण?"

"मी वुर्यानिंग, इनांग. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. काय हवंय?"

"काही नाही, सहजच. तिकडे पाऊस आहे का?"

"नाही. तिगोर मासे आणायला गेलाय. काय सांगू त्याला?"

"काही नाही. नमस्कार सांगा."

दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "हे बघ सूनबाई, नवऱ्याला बोलवायचं असेल तर बोलव. नसेल बोलवायचं तर तसं सांग. पावसाची चौकशी करायला एवढ्या लांबून फोन कशाला?"

मी म्हटलं, "इंग्गिह, इनांग." आणि फोन ठेवला. आमच्या तोंडातल्या या 'इंग्गिह'ने तुमचा संसारभर छळ केला आहे. 'होय' म्हणून तुम्ही तो धरून चालायचात, आणि तो तर नुसता 'तुम्ही बोललात ते कानावर आलं' एवढाच असतो. इनांगनाही तो 'होय' वाटला असेल. मी बोलावणार आहे, असं समजून त्या आत गेल्या असतील.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात ती दुपार मला हल्ली फार आठवते. बाबांनी पुढ्यात चहा ठेवला आणि 'घ्या' म्हणायच्या आत तुम्ही तो संपवला. मग निघताना बाबा रीत म्हणून म्हणाले, "आता जेवूनच जा." आमच्याकडे पहिल्या वेळी नाही म्हणायचं. दुसऱ्या वेळीही नाहीच, पण जरा मवाळ. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर समजायचं की चुलीवर खरंच काही आहे. तुम्ही पहिल्याच वेळी "जेवतो की" म्हणालात आणि परत बसलात. आई मागच्या दाराने अंडी मागायला पळाली. तुम्ही गेल्यावर बाबा हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "या माणसाला फसवता येणार नाही आणि याला कुणाला फसवताही येणार नाही. दे याला मुलगी."

तुमच्या नावाचाच अर्थ सरळ. मला तेव्हा ते किती आवडलं होतं.

हे सगळं का लिहिते आहे कोण जाणे. माझा भाऊ सिगित समारांगला काही कामाने जाणार होता, म्हणून मीही गेले आणि ओघात गाठ दाखवून आले. मोठ्या डॉक्टरांनी सुई घालून तपासायला पाठवली आहे. हल्ली डॉक्टर सगळंच तपासतात.

तिकडून इकडे यायच्या बसगाड्या अजून पूर्वीसारख्याच सुटतात का?

वुर

सालातिगा, ९ सप्टेंबर

आबांग,

तुमचं पत्र आलं. समोर ठेवून लिहिते आहे. तुम्हाला आठवावं म्हणून उतरवते:

"प्रिय वुर, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. इनांगचे गुडघे बरे आहेत. वारा आहे. स्वेटर आणला होता. पेरू तोडू नकोस, टेकू लाव. बसगाड्या पूर्वीसारख्याच सुटतात. वाटणीचं काम संपलं. मेदानच्या एका वकिली ऑफिसने भागीदारीबद्दल विचारलं आहे, त्यांना महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. आणखी काही विचारायचं आहे का? तिगोर."

वाचून आधी मला हसू आलं आणि मग मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी जे जे विचारलं त्या प्रत्येकाचं उत्तर आहे. गाठीबद्दल एक अक्षर नाही, असणार कसं? 'काही नाही' मीच लिहिलं होतं आणि तुमच्या लेखी 'काही नाही' म्हणजे काही नाही. 'घाई नाही'सुद्धा मीच लिहिलं होतं. आडून आडून विचारत राहिले आणि तुम्ही एखाद्या साक्षीदारासारखे विचारलं तेवढंच सांगून मोकळे झालात. वाटणी संपली आहे, म्हणजे आता तुम्हाला तिकडे काही धरून ठेवत नाही. तरीही तुम्ही आला नाहीत. मेदानचं ऑफिस मिळालं तर येणारही नाही.

आता माझं ऐका. तपासणीचा निकाल आला. गाठ चांगली नाही, काढावी लागणार. समारांगला, सव्वीस तारखेला. डॉक्टर भले आहेत. म्हणाले, आवाजाची नस गाठीला अगदी लागून गेली आहे, आपण सांभाळूच, पण आवाज बसू शकतो, कदाचित कायमचाही जाऊ शकतो. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?"

मी म्हटलं, "नाही, डॉक्टर."

प्रश्न या विषयावर प्रबंध लिहिलेली बाई मी! परत येताना गाडीत सिगित म्हणाला, "ताई, तू कशी गं अशी? मला बाहेर शंभर गोष्टी विचारत होतीस." मग म्हणाला, "आबांगना कळवलंस?" मी म्हटलं, "हो, लिहिलंय." कळवलंच होतं की. डास चावल्यासारखी गाठ.

काल वर्गात शिकवत होते, की प्रश्न हे जिभेने केलेलं एक काम असतं. 'दार उघडं राहिलं का?' म्हणजे दार लाव. 'इतक्यात निघालात?' म्हणजे निघा आता. 'जेवलीस का?' म्हणजे मला तुझी काळजी आहे. मुलं भराभरा लिहून घेत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, तिचं नाव हर्यानी. म्हणाली, "मॅडम, प्रश्न विचारून आपण बाकीची इतकी कामं करतो, तर ज्याला खरोखरच काही विचारायचं असेल त्याने काय करायचं?" सगळे हसले. मी म्हटलं, "पुढच्या तासाला बघू." तास संपायला अजून बराच वेळ होता, पण मी पुस्तक मिटून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले.

आताही बघा ना. एवढं लिहिलं, पण जे लिहायचं आहे त्याच्या भोवतीच फिरते आहे. पेन तिथपर्यंत जातं आणि 'तिकडे हवा कशी आहे' असं काहीतरी लिहून मागे येतं. माझ्या आईने बाबांना आयुष्यात कधी 'थांबा' म्हटलं नाही. ती नुसता दुसरा चहा टाकायची आणि बाबा थांबायचे. मला तेवढीच भाषा येते. आणि तुम्ही तर पहिलाच चहा 'घ्या' म्हणायच्या आत संपवणारे.

उद्या परत लिहीन. हे पत्र टाकते, नाहीतर फाडून टाकीन.

वुर

सालातिगा, १९ सप्टेंबर, पोस्टात बसून

आबांग,

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. नऊ तारखेचंही कदाचित अजून वाटेतच असेल. म्हणून आत्ताच तार केली. ती उद्यापर्यंत पोचेल असं म्हणतात. तारेत मावलं नाही ते इथे लिहिते आहे. कागद मांडीवर आहे, अक्षर समजून घ्या.

तार देणं सोपं गेलं नाही. खिडकीवर पाक समिजान होते, पांढऱ्या मिशांचे, बाबांच्या ओळखीचे. कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला. मी लिहिलं होतं: "ऑपरेशन सव्वीसला समारांग. आवाज जाईल कदाचित. भीती वाटते. मेदानला नाही म्हणा. या. वुर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ही कुणाला, बाई?"

"नवऱ्याला."

"वयाने मोठे आहेत ना तुमच्यापेक्षा?"

"हो."

"मग असं नुसतं 'या'? गड्याला हाक मारल्यासारखं? 'सवड झाल्यास' तरी घालू या."

"नको."

"शब्दांचे पैसे वाढतील म्हणून म्हणताय का? हे दोन मी माझ्या पदरचे घालतो."

"पैशांचं नाही, पाक समिजान. सवड झाल्यास घातलं तर त्यांना वाटेल सवड झाल्यावर यायचं."

त्यांना हे कोडंच पडलं. म्हणाले, "जावाचे नाहीत वाटतं?"

"बालिगेचे."

"अच्छा, बाताक, तोंडावर बोलणारे लोक," असं म्हणून त्यांनी मान हलवली, जणू मी एखाद्या आजाराचं नाव सांगितलं. तरी त्यांना राहवेना. "पण 'भीती वाटते' काढू या ना. लांबच्या माणसाला उगाच घोर. वाचून घाबरतील हो."

"घाबरावेत म्हणूनच लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी सालातिगात जन्मले, याच पोस्टात लहानपणी बाबांचं बोट धरून यायची, आणि आज तिथे ओरडले.

पाक समिजाननी कागद पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्यांनी खरंच यायला हवंय."

"हो."

"मग असंच जाऊ दे."

तरी मी खिडकीपाशीच उभी राहिले. चांगुलपणाच्या भरात त्यांनी मागे जाऊन 'सवड झाल्यास' घातलं असतं तर? मशीनवरच्या माणसाला त्यांनी एकेक शब्द मोठ्याने सांगितला. 'भीती वाटते' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला, माझी लाज राखायला. पण सांगितला.

आता तुम्ही गेलात त्या दिवशीच्या तिंगकिरच्या बसस्टँडबद्दल. बस सुरू झाली होती, तुमचा एक पाय पायरीवर होता. तुम्ही वळून मला विचारलंत, "वुर, सरळ सांग. जाऊ की राहू?" मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि चढलात. तुमच्या कोर्टात उत्तर झालं होतं. मी मात्र तिथेच उभी, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. बस वळणावर जाईपर्यंत उभी होते, तिसऱ्यांदा विचारतील म्हणून. आमच्या घरात कुणी पहिल्या वेळी 'राहा' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, तसं म्हणणं म्हणजे समोरच्यावर ओझं टाकणं. मला वाटलं, एकदाच विचारलं म्हणजे रीत म्हणून विचारलं, जायचं यांचं ठरलेलंच आहे. मग महिनाभर मी तुमच्यावर मनातल्या मनात चिडले होते. एवढी वर्षं माझ्यासोबत राहून याला तीनदा विचारायचं कळू नये! आणि तुम्ही तिकडे म्हणत असणार, एवढी वर्षं माझ्यासोबत राहून हिला एकदा 'राहा' म्हणता येऊ नये.

मग तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ, 'आणखी काही विचारायचं आहे का?' मला आधी ती वकिली वाटली, टोमण्यासारखी. आज सकाळी दात घासताना एकदम लख्ख कळलं, की हे तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत. तुमच्यासारख्या माणसाने, ज्याला दोनदा विचारणं म्हणजे नाक घासणं वाटतं, त्याने. मग तिसऱ्यांदाची वाट बघत बसणं मला शक्य नव्हतं. कपडेसुद्धा धड न बदलता पोस्टात आले.

तेव्हा घ्या उत्तर. राहा. माझ्याजवळ राहा, आबांग. मेदानला जाऊ नका. मला एकटीला त्या टेबलावर झोपायची भीती वाटते आणि उठल्यावर आवाज नसेल तर त्याहून वाटते. आवाज होता तेव्हा मी तो पावसाची चौकशी करण्यात घालवला, हे मला सोसत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी रागावेन, खूप रागावेन, आणि 'काही हरकत नाही' असं म्हणणार नाही.

माझ्या मागच्या तिकिटांच्या रांगेतली बाई विचारते आहे, "बाई, बरं नाही का?" हा प्रश्न आहे की नमस्कार ते ठरवत बसले नाही. मी म्हटलं, "नाही, बरं नाही." ती माझ्याजवळ येऊन बसली आहे.

तुमची,
वुर

समारांग, २७ सप्टेंबर, सकाळ

आबांग,

तुम्ही हाताच्या अंतरावर बसला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. डॉक्टरांनी कालपासून बोलायला बंदी केली आहे, आणि पाटीवर 'पाणी' आणि 'उशी' लिहून मला कंटाळा आला आहे. लिहून होईपर्यंत डोकावू नका.

काल मला आत नेलं तेव्हा दाराकडेच डोळे होते. तारेचं उत्तर आलं नव्हतं. सिगित म्हणत होता, "बसमध्ये असतील, बसमधून तार कशी करणार?" मला ते खरं वाटत नव्हतं. गुंगीचं औषध देताना डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काही प्रश्न?" मी म्हटलं, "आहे. माझे यजमान आलेत का?" ते म्हणाले, "नाही अजून." निदान विचारलं तरी. त्या आवाजात विचारलेली शेवटची गोष्ट कदाचित तीच असेल, तर असू दे.

आणि जाग आली तर तुम्ही. तार तेवीसला मिळाली म्हणालात. तीन दिवसांच्या प्रवासाने चुरगळलेला तोच शर्ट, दाढी वाढलेली, मांडीवर इनांगनी बांधून दिलेला मसाल्याच्या माशाचा डबा, जो एव्हाना सगळ्या वॉर्डला वास देतो आहे. मला रडू येत होतं पण टाके दुखत होते.

तेव्हापासून मी तुमचं ऐकते आहे. काल संध्याकाळी विचारलंत, "पेरूला टेकू लावलास का?" नंतर, "इथे पाऊस कधी सुरू होतो?" आज उजाडताच, "सिगितने इथे घेतलेली खोली मोठी आहे का?" मग नर्सला विचारलंत, "इथून मेदानला फोन लागतो का?" ती म्हणाली लागतो, तर तुम्ही म्हणालात, "असू दे, सहज विचारलं." सहज! बालिगेचा माणूस सहज काही विचारतो? नर्सला काही वाटलं नाही, पण मी पाटी खाली ठेवली. तिकडे हो म्हणून आलात की नाही म्हणायचं आहे, हे मला तुमच्या तोंडावरून कळेना. सारखी असलेली उशी पुन्हा सारखी केलीत. दोनदा तोंड उघडलंत आणि 'पाणी देऊ का' म्हणालात. माझ्या उत्तराची तुम्हाला भीती वाटते की माझ्या आवाजाची? मला तर दोन्हीची वाटते.

अशी आपली अदलाबदल झाली तर संसार चालायचा कसा? कुणीतरी एकाने सरळ राहायला हवं. तार वाचून आलात, म्हणजे माझं उत्तर तुमच्या खिशात आहे. पण ते कागदावरचं. तुम्ही बसस्टँडवर तोंडाने विचारलं होतं, त्याला तोंडाने उत्तर द्यायचं राहिलं आहे.

डॉक्टर आता फेरीला येतील. काल सिगितला सांगून गेलेत की आज सकाळी एक शब्द बोलून बघायचा, एकच. नस शाबूत आहे की नाही ते त्यावरून कळेल. कोणता बोलायचा ते माझ्यावर आहे. इतर पेशंट म्हणे स्वतःचं नाव सांगतात. मी माझा ठरवला आहे. येईल की नुसती हवाच येईल, मला माहीत नाही. पण ओठ तुम्हाला दिसतील.

हे वाचून झालं की डबा खाली ठेवा. पेरू, पाऊस, फोन काही विचारू नका. तिंगकिरला विचारलं होतं तेच विचारा, त्याच शब्दांत, डॉक्टरांच्या देखत.

ते बाजूच्या खाटेपाशी आलेत. विचारा.